चौथ्या पळणाऱ्याचं नाव

आजकाल घरोघरी एक खूळ शिरलंय. ते तुमच्याही घरात असणार, उगाच नाही म्हणू नका. माणूस उठला की चूळ भरायच्या आधी फोन हातात घेतो आणि एकटाच हसत बसतो. परभणीच्या गोपीचंदचं हल्ली अगदी असंच चाललं होतं. वय एकोणपन्नास, कृषी खात्यात अधिकारी, शहरात स्वतःचं घर. पण कृषी विद्यापीठातल्या जुन्या बॅचचा ग्रुप वाजला की गडी पुन्हा वीस वर्षांचा व्हायचा.

"चहा गार झाला," त्याची बायको प्रियांका म्हणाली. "काय एवढं हसायलात?"

"अगं, मेळावा ठरला! डिसेंबरात. सगळी बॅच येणार. आणि आमची रिले होणार, आमची चौघांची, त्याच ग्राउंडवर!"

"तुमी पळणार?" प्रियांकानं त्याच्या पोटाकडं बघितलं आणि गार चहा परत गरम करायला नेला.

आता ही रिले म्हणजे काय, ते सांगतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या चौघांनी सगळ्या कॉलेजांना हरवून ढाल आणली होती. आधी आबासाहेब, मग बालाजी, मग गोपीचंद आणि शेवटी परमेश्वर. पहिले तिघं बरे पळायचे, एवढंच. जिंकायचे ते चौथ्यामुळं. परमेश्वर राणीसावरगावचा. अंगानं काटकुळा, पण बॅटन हातात पडलं की पुढच्या दोघा-तिघांना मागं टाकल्याशिवाय थांबायचा नाही. त्याचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि कॉलेजला सुटी लागली की हाही त्यांच्याबरोबर फडात उतरायचा. पहिल्या वर्षी सुटीवरून परतला तेव्हा दोन्ही तळहात फुटलेले. मेसमध्ये त्याला भाकरी मोडता येईना. ते बघून गोपीचंद म्हणाला, "काय रे कोयत्या, हाताला काय झालं?" सगळी मेस हसली. परमेश्वरही हसला. झालं! त्या दिवसापासून त्याचं खरं नाव कुणी घेतलंच नाही.

रिलेत चौथा माणूस मागं बघत नाही. तो हात मागं करून पळायला लागतो आणि मागून येणाऱ्यानं हाक दिली की पंजा उघडतो. बाकीच्या टीममधली पोरं "हात!" म्हणून ओरडायची. गोपीचंद ओरडायचा, "कोयत्या!" मग अख्खं ग्राउंड तेच ओरडायचं, टाळ्यांच्या ठेक्यावर. गोपीचंदला वाटायचं, लोक आपल्या दोस्तावर केवढा जीव लावतात!

ग्रुपवर त्रेसष्ट जण होते, परमेश्वर नव्हता. दोनदा त्याला घेतलं, दोनदा तो न बोलता बाहेर पडला. त्याच्याशिवाय कसली रिले? म्हणून एका रविवारी गोपीचंद स्वतःच गंगाखेडमार्गे राणीसावरगावला गेला.

परमेश्वरची गावाबाहेर रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेले. त्याचे केस पिकलेले, पण अंग तसंच काटकुळं. गोपीचंदला बघून तो पाण्याचा पाइप टाकून धावत आला आणि त्यानं गळाभेट घेतली.

"लेका गोप्या, किती जाड झालास रे!"

"तुला पळायला न्यायला आलोय. न्हाई म्हणायचं न्हाई."

परमेश्वरनं हसून मान फिरवली. एका ट्रेमधलं वाळलेलं रोप उपटलं. मग म्हणाला, "माजी लेक तिथंच हाय, गोप्या. अर्पिता. यंदा पहिल्या वर्षाला लागली, होस्टेलवर ऱ्हाती. ती लय दिवस झाले मागं लागली, बाबा, तुमाला पळताना बघायचंय. मी येतो. पण एकच सांगतो. ते नाव घ्यायचं न्हाई. माज्या लेकीसमोर तर न्हाईच."

"कोणतं नाव?" गोपीचंदनं विचारलं. खरंच विचारलं बरं का! त्याच्या ध्यानातच आलं नाही.

चहा घेऊन आलेली परमेश्वरची बायको ज्ञानेश्वरी दारातच थांबली. बाई शांत, पण बोलायला लागली की समोरच्यानं ऐकावंच.

"भाऊजी, आमच्या लग्नात तुमी आला व्हता. माईकवर पाव्हण्यांची नावं पुकारायला लागले, तवा तुमी माईक घेतला आन् म्हणलात, आमच्या कोयत्याला शुभेच्छा. माजे चुलते उठून विचारायला लागले, ह्यो कोण? तवापासून माज्या माहेरात यांना तेच म्हणतेत. गावातली बारकी लेकरंसुदिक म्हणतेत. डिग्री घिऊन आलेला माणूस, रोपं घ्यायला आलेला शेतकरी हाक मारतो ती कोयत्या म्हणून. लेकीला वाटतं, गावानंच ठेवलंय, तुमच्या कालिजातनं आलंय हे तिला म्हाईत न्हाई."

"वहिनी, आमी प्रेमानं म्हणायचो ओ. दोस्तीत चालतंय."

"तुमचे वडील काय करायचे?"

"मास्तर होते."

"मग तुमाला कोणी खडू म्हणलं का? डस्टर म्हणलं का? न्हाई ना? दोस्ती तर तुमची बी व्हती." ज्ञानेश्वरीनं कप खाली ठेवला. "कोयत्याची लाज न्हाई आमाला. त्याच्यावरच सासूबाईनं यांची फी भरली. पण ज्यानं उसाचं एक टिपरू तोडलं न्हाई, त्यानं त्याच्यावर हसायचं, अन् यांनी बी हसून दाखवायचं, हे कुठलं प्रेम?"

 गोपीचंदनं परमेश्वरचा हात धरला. "तुज्या गळ्याची शप्पथ. न्हाई घेणार."

शपथ त्यानं मनापासून घेतली होती, हे मी कबूल करतो. पण परतीच्या रस्त्यावर गंगाखेड मागं पडलं तसं त्याचं मन आपली बाजू मांडायला लागलं. वहिनी जरा जास्तच मनाला लावून घेतात, असं त्याला वाटलं. आबासाहेब आणि बालाजीला त्यानं फोन करून सांगितलं. ग्रुपवर मात्र लिहिलं नाही. काय लिहायचं? उगाच सगळ्यांचा मूड जाईल! दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.

स्वतः मात्र तो तयारी करत होता. पंधरा दिवस रोज सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर धापा टाकत पळायचा आणि तोंडानं घोकायचा, "परमेश्वर, हात! परमेश्वर, हात!" फिरायला आलेले लोक वळून बघायचे. त्यांना वाटायचं, साहेब देवधर्माला लागले.

मेळाव्याचा दिवस उजाडला. ग्राउंडच्या कडेला मंडप, फेटे, फोटो, मिठ्या. परमेश्वर पांढरे बूट घालून आला होता. नवे होते, लेकीनं घ्यायला लावलेले. अर्पिता तिच्या खोलीतल्या दोन मैत्रिणींना घेऊन शेवटच्या रेषेपाशी उभी होती. बापाचा व्हिडिओ काढायला फोन तिनं केव्हाचाच वर धरला होता.

समोर आत्ताच्या पोरांची टीम होती. ती पोरं मुद्दाम हळू पळत होती, त्यामुळं म्हातारे पुढं! आबासाहेब लंगडत पोचला, बालाजीनं धापा टाकत बॅटन आणलं, गोपीचंदनं ते घेतलं आणि सुटला. मंडपातून आरडाओरडा. छाती फुटायला आलेली, डोळ्यांपुढं अंधारी आणि समोर परमेश्वरची पाठ. तीच पाठ. तोच मागं आलेला हात. परमेश्वर पळायला लागला होता, आणि काय सुंदर पळत होता! गोपीचंदच्या अंगात विशीतलं रक्त उसळलं आणि त्याच्या तोंडून सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल अशी हाक निघाली,

"कोयत्याऽऽ!"

अरेरे! पंधरा दिवस घोकलेलं नाव गेलं कुठं? शपथ गेली कुठं?

परमेश्वरचा उघडलेला पंजा मिटला. हात सावकाश खाली आला. पाय थांबले. गोपीचंद त्याच्या खांद्यावर जाऊन आदळला आणि बॅटन मातीत पडलं.

मंडपाला वाटलं, म्हाताऱ्यांची गंमत झाली. सगळे हसले. मग कुणीतरी ठेका धरला आणि साठ गळे ओरडायला लागले, "कोयत्या! कोयत्या!" अर्पिताच्या मैत्रिणींना वाटलं, हे काकांचं चॅम्पियनचं नाव असणार. त्याही टाळ्या पिटत ओरडायला लागल्या. अर्पिता तेवढी गप्प होती. ऊसतोडीच्या घरातली पोर ती, गावात ऐकलेलं नाव कुठून आलं ते तिला लगेच कळलं. तिनं फोन खाली घेतला.

परमेश्वरनं वाकून बॅटन उचललं, त्याची माती पुसली आणि गोपीचंदच्या हातात दिलं.

"परम्या, चुकून... चुकून निघालं रे!"

"म्हाईत हाय," परमेश्वर म्हणाला. "मुद्दाम म्हणला असतास तर बरं झालं असतं. चुकून निघालं म्हणजे तुज्या मनात मी तेवढाच हाय."

तो चालत लेकीकडं गेला. तिनं विचारलं, "बाबा, दोस्त बी तुमाला असंच म्हणायलेत?"  त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं गेटकडं गेले. पाठीमागं टाळ्या चालूच होत्या.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "अठ्ठावीस वर्षांनी कोयता गंजला!" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. गोपीचंद रोज असल्या रांगेत आपलंही एक तोंड जोडायचा. आज पहिल्यांदाच त्यानं तो व्हिडिओ परमेश्वरच्या जागी उभं राहून बघितला. हात खाली येतो तिथं त्यानं फोन पालथा घातला आणि ओक्साबोक्शी रडला. प्रियांका धावत आली.

मग त्यानं लिहिलं. सगळं लिहिलं. हे नाव मी ठेवलं, ती माझी चूक, व्हिडिओ काढून टाका. बालाजीनं लगेच माफी लिहिली. आबासाहेबानंही. बाकीच्यांतले बरेच जण गप्प बसले आणि चार-पाच जणांनी लिहिलं, "मनावर काय घेतोस, मजाक होती, दोस्तीत चालतंय." गोपीचंद ते वाचत राहिला. हे तर त्याचेच शब्द होते. त्यानं एकेकाला फोन लावले, हातापाया पडला. व्हिडिओ पुसला गेला. पण तोवर तो मुलींच्या होस्टेलमध्ये पोचला होता.

आठ दिवसांनी गोपीचंद राणीसावरगावला गेला. परमेश्वर ट्रेमध्ये बी टाकत होता. त्यानं मान वर केली.

"या. बसा."

गोपीचंदला वाटलं, त्यापेक्षा एक थोबाडीत द्यायची होती. "परमेश्वर, मला शिव्या दे. पण असं अहो-जाहो नको करू."

"शिव्या कशाला? माफ केलं मी. तसा तुमचा राग न्हाई." एकेका खळग्यात एकेक बी, त्याचा हात थांबला नव्हता. "पोर चार दिवस घरी व्हती. म्हणली, बाबा, तुमी मला आधी का न्हाई सांगितलं? मी म्हणलं, सांगायला तोंड न्हवतं. तर म्हणती, तोंड नसायला पाहिजे ते त्यांना, तुमाला का? अन् गेली माघारी."

"मग? आता बरं हाय ना तिचं?"

"कुठलं बरं! दोन-तीन पोरी तिला कोयती म्हणतेत. ती त्यांना सांगती, माजं नाव अर्पिता परमेश्वर, हेच घ्यायचं. अन् मग संध्याकाळी आईला फोन करून रडती. रोज रडती, रोज वर्गात जाती." आता त्याचा हात थांबला. "तिचं ऐकायला आमी तरी हाव. माज्या टायमाला मी रडलो असतो तर कोण ऐकणार व्हतं? आई-बाप फडात. अन् दोस्त म्हणून तुमी."

गोपीचंदनं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "तुला ते नाव कधीच आवडलं न्हाई का रे? एकदा बी?"

"एकदा बी न्हाई."

"मग हसायचास का?"

"न्हाई हसलो असतो तर मला टीममधी घेतलं असतं का तुमी?"

 ज्ञानेश्वरीनं चहा आणला, गोपीचंदनं तो घेतला, आणि उठताना दोघांना हात जोडले. परमेश्वर जाळीच्या दारापर्यंत पोचवायला आला. एवढंच म्हणाला, "येत जा कधी. पण मला परत पळायला बोलवू नका."

दुसऱ्या दिवशी गोपीचंद विद्यापीठात गेला. अर्पिताच्या वर्गाच्या शिक्षकांची परवानगी घेऊन तो पोरापोरींसमोर उभा राहिला आणि अधिकारी माणूस बोलला, "तुम्ही हसताय ते नाव मी ठेवलंय. माझ्या दोस्ताचे हात फुटले होते, तेव्हा त्याच्या हाताला तेल लावायचं सोडून मी त्याला नाव ठेवलं. पोरांनो, माझ्यासारखं होऊ नका." वर्गात कुणी हसलं नाही. अर्पिता शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही, आणि तिनं बघावं असा त्याचा हक्कही नव्हता.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत, कचेरीत, दोस्तांच्या टोळक्यात एक तरी माणूस असा आहे, ज्याला आपण त्याच्या आई-बापाच्या कामावरून, गरिबीवरून, रंगावरून, पायातल्या व्यंगावरून हाक मारतो. तो हसतो म्हणून आपल्याला वाटतं, त्याला चालतं. त्याला चालत नाही! त्याला आपली संगत हवी असते आणि तिची किंमत म्हणून तो हसतो. उद्या तो भेटला की त्याला बाजूला घ्या आणि विचारा, बाबा, तुला हे नाव आवडतं का? आणि त्याचं खरं नाव घेऊन विचारा.

गोपीचंदनंही विचारलं. अठ्ठावीस वर्षं उशिरा विचारलं, एवढंच.