काशीरामांच्या खाटेचा कठडा

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात खाटेच्या उजव्या अंगाला खटक्यावर अडकवलेला लोखंडी कठडा दिसला, तर तो मीच. खाऱ्या हवेने माझा पांढरा रंग पार सोलून काढला आहे. तरी ऑपरेशननंतर गुंगीतला रुग्ण खाटेवर आला, की दमयंती सिस्टर आधी मला वर ओढतात. खटका बसल्याशिवाय त्या हलत नाहीत. तेवढा वेळ मी राजा असतो.

मग नातेवाईक येतात आणि माझा जळफळाट सुरू होतो. रुग्ण मला कधीच धरत नाही, त्यांचाच हात धरतो!

परवा दुपारी वेळणेश्वरचे मच्छीमार काशीराम हर्नियाच्या ऑपरेशननंतर माझ्या खाटेवर आले. त्यांच्या बायकोने, चिमाकाकींनी, आल्याआल्या मला खाली पाडले.

“अवो शिस्टर, मी हाय ना हितं! माज्या घोवाला पडू देईन काय?”

“काकी, तुम्ही आहातच. पण पेशंट माझ्या ताब्यात आहेत. ते पडले तर कायदा मला विचारणार. ‘बायको बसली होती’ हे उत्तर मला देता यायचं नाही.” सिस्टरांनी मला पुन्हा वर केले.

“म्हंजे माज्यापरीस ह्या गंजक्यावर भरवसा!”

मी मनातून सुखावलो. आता काकींचा हात बाहेर आणि काशीराम माझ्या आत!

सिस्टर शेजारच्या रुग्णाचे सलाईन बदलायला वळल्या. इतक्यात काशीराम गुंगीत पुटपुटले, “होडी लागली... उतरा रं!” आणि त्यांनी एक पाय माझ्यावरून टाकला. मित्रांनो, त्यांना मी होडीचा काठ वाटलो! ते आता नुसत्या खाटेवरून नव्हे, माझ्याही उंचीवरून पडणार होते. मला वाकता येत नाही, ओरडता येत नाही आणि धरता तर मुळीच येत नाही.

काकींनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे आवळले. “शिस्टर!”

सिस्टर धावल्या. त्यांनी पाय आत घेतला, टाके तपासले, डॉक्टरांना बोलावले आणि खाट अगदी खाली उतरवली.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “कठडा लावला म्हणून माझी जबाबदारी संपत नाही. गुंगी उतरेपर्यंत इथे लक्ष हवं होतं. हे मी डॉक्टरांना सांगणार आहे.”

“तुमची कसली चूक? ह्यो घरातपन झोपेत वल्हीच मारतो!” काकी हसल्या.

मग त्यांनी माझ्या दोन गजांमधून हात आत घातला. काशीरामांनी तो घट्ट धरला. मी अजून जळतोच. त्या हाताला बोटे आहेत, मला नुसते गज.

मित्रांनो, मला वर करायला विसरू नका. पण मला वर करून पाठही फिरवू नका.