तिरकी तीन भोकं

मी टोच्या बोलतोय. ओळखलं नाहीत? कागदांच्या चळतीला भोक पाडायचं, मग त्यातून कुणीतरी दोरा ओवायचा. लाकडी मूठ आणि लोखंडी टोक, लक्षात राहण्यासारखं आणखी काही नाही.

जन्म लोहाराकडे झाला, पण शिक्षण वकिलांच्या कचेरीत. वकीलसाहेब कोर्टात जे बोलत, ते त्यांच्या एकुलत्या एका कारकुनांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं असे. फाईल शिवताना कारकून कोपऱ्यात तिरकी तीन भोकं पाडत. सरळ दोन पाडली की समासाजवळची अक्षरं दोऱ्याखाली दडपतात, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं मी तिरकाच चाललो.

वकीलसाहेब वारले. टेबलासकट मी कारकुनांच्या खोलीवर आलो. कारकुनांची बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशी. पण पक्षकार येत राहिले, आणि वकिलीची सनद नसताना कारकून सल्ले देऊ लागले. बहुतेक बरोबर निघाले. एका न्हाव्याची मुदत मोजताना मात्र ते चुकले आणि त्याचं दुकान गेलं. कोर्टाने कारकुनांकडून लिहून घेतलं : यापुढे कुणाचे अर्ज लिहिणार नाही, सल्ला देणार नाही. मोडलं तर कोर्टाचा अवमान.

दोन वर्षं मी खणात पडून होतो. ते पेपरातले निकाल मोठ्याने वाचत आणि रिकाम्या खुर्चीशी वाद घालत. खुर्ची हरत असे.

मग वरच्या मजल्यावरची शिंपीण आली. तिच्यावर घर खाली करण्याचा दावा. उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस.

"बाई, वकील गाठा."

"चार गाठले, काका. एक म्हणतो उद्या या, बाकीचे तेवढंही म्हणेनात."

"मला मनाई आहे."

"मग नुसतं वाचून तरी दाखवा."

वाचता वाचता त्यांनी पेन उघडलं. तारीख चारदा मोजली. मग खण उघडला. किती दिवसांनी हाताची ऊब लागली! सवयीने मी तिरकाच चाललो. तीनदा.

कोर्टात न्यायाधीशांनी मजकुराआधी कोपरा पाहिला. तसे कोपरे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," शिंपीण म्हणाली. "शिवलंय पण मीच."

कोर्टापुढे खोटं! घर राहिलं बाजूला, तीच आत गेली असती. मागच्या बाकावरून कारकून उठले, मी त्यांच्या खिशात.

"साहेब, त्यांची शिवण इतकी वाईट नसते. हे माझं काम."

"माफी मागा. पुन्हा करणार नाही असं लिहून द्या, विषय संपवू."

"माफी मागतो, साहेब. लिहून मात्र देत नाही. मागचंच खोटं ठरलंय, त्यात आणखी एक कशाला?"

आठ दिवसांची कैद झाली. शिंपिणीचं उत्तर मात्र साहेबांनी ठेवून घेतलं आणि तिला मोफत वकील दिला.

"हे आत चालायचं नाही," म्हणत शिपायाने मला कारकुनांच्या खिशातून काढलं. शिंपिणीने मला इथे टेबलावर आणून ठेवलं, बाहेरून कुलूप लावलं.

आज तिसरा दिवस. दारावर कुणीतरी टकटक करतं, थांबतं. हातातले कागद वाजलेले मला ऐकू येतात. मग पावलं जिना उतरतात. ओरडून सांगावंसं वाटतं, अहो, मुदत टळू देऊ नका, तोवर दुसरं कुणी गाठा. पण तोही सल्लाच झाला, आणि सनद मलाही नाही.