मोरीकडचा ढाळ

ट्रेडमिलचा पट्टा अडखळत होता. पाऊल पडलं की क्षणभर थांबायचा, मग झटका देऊन पुढे सरकायचा. ग्रानसेले या छोट्या गावाच्या अग्निशमन ठाण्यात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार नसण्याला कारण होतं. वर्षातून एकदा याच पट्ट्यावर परीक्षा व्हायची. अंगात जाड पोशाख, पायांत बूट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर हवेची टाकी, असं चोवीस किलोंचं ओझं घेऊन आठ अंशांच्या चढावर सहा मिनिटं चालायचं. कठड्याला हात लावायचा नाही. जो मध्येच उतरला, त्याने वर्षभर जळत्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्याने गाडी चालवावी, पंप सांभाळावा. पट्टा अडखळला तर प्रत्येक पावलाला चिमूटभर विसावा मिळतो. चिमूटभर विसावा कोणाला नको असतो?

परीक्षा गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी कारखान्यातून सुटल्यावर अन्नेली हत्यारांची पेटी घेऊन ठाण्यात आली. लाकूड कापण्याच्या कारखान्यात ती ओंडके वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची देखभाल करायची, म्हणून ठाण्यातला हा पट्टाही आपसूक तिच्या गळ्यात पडलेला. ठाण्यात पूर्ण वेळचं माणूस कोणीच नव्हतं. सगळे आपापली नोकरी करायचे आणि पाळीच्या आठवड्यात कमरेला पेजर लावायचे. पेजर वाजला की पाच मिनिटांत ठाण्यात हजर. म्हणजे त्या आठवड्यात गावाबाहेर पडणं नाही. नदीवरच्या पुलापर्यंत जायचं आणि परतायचं. पुलापलीकडून पाच मिनिटांत पोचता येत नसे.

धुरात जाणारी माणसं चार, म्हणून जोड्या दोन. एक आठवडा आड पाळी यायची. अन्नेलीची जोडी रोलँडबरोबर होती, गेली अकरा वर्षं.

रोलँड तिच्या आधीच येऊन बसला होता. शाळेत शिपाईगिरी, दिवेदुरुस्ती आणि बर्फ काढणं ही तिन्ही कामं करणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. हातात कॉफीचा मग, मांडीवर दालचिनीच्या पावांची पिशवी.

"आली फळकुटवाली," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्या मशीनला सोड की. चालतंय ना?"

"चालत नाही, लंगडतंय."

"मीही लंगडतो. मला कधी तेल घातलंस?"

"तुझं तेल तू रोज संध्याकाळी घेतोसच. ऊठ, टाकी चढव पाठीवर. मला वजन हवंय वर."

कुरकुरत त्याने पोशाख चढवला आणि पट्ट्यावर उभा राहिला. अन्नेलीने मोटरवरचं झाकण काढलं, गुडघ्यांवर बसली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. आत बुरशीसारखी करडी धूळ साचली होती. तिने मशीन सुरू केलं. रोलँडचं पाऊल पडलं, पट्टा थांबला. पण पट्ट्याखालचा पुढचा रोलरही थांबला होता. मोटर मात्र फिरतच होती. म्हणजे वरचा रुंद पट्टा सैल नव्हता. मोटर आणि रोलर यांना जोडणारा आतला अरुंद पट्टा घसरत होता.

"उतर. सापडलं."

"एवढ्यात? आता कुठे मला मजा यायला लागली होती."

आतला पट्टा तिने काढून हातावर घेतला. त्याच्या खाचा झिजून आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. माळ्यावरच्या कपाटात नवा होता, तो बसवला. धूळ ओढून घेतली. वरचा पट्टा उचलून खालच्या फळीवर सिलिकॉनच्या तेलाची धार सोडली. मागच्या दोन्ही बोल्टना ॲलन कीने पाव-पाव फेरा दिला, पट्टा एका बाजूला सरकत नाही ना, हे थोडा वेळ रिकामा फिरवून पाहिलं. मग रोलँडला पुन्हा वर चढवलं. आता पट्टा थांबेना. एकसारखा, निर्दय, पायाखालून मागे जात राहिला.

रोलँडचा हात कठड्यावर गेला. ते तिच्या लक्षात आलं.

काम तिथेच संपायला हवं होतं. पण तिला एक सवय होती. कारखान्यात पट्टा दुरुस्त केला की ती त्याचा चढ मोजून पाहायची, कारण ओंडका घसरला की कोणाचा तरी पाय जातो. तिने आकडे दाखवणारी पाणसळ पेटीतून काढली, मशीनला आठ अंशांचा चढ दिला आणि ती कडेच्या पट्टीवर ठेवली.

पाणसळीने सहा पूर्णांक आठ दाखवलं.

तिने ती उलटी करून ठेवली. दुसऱ्या कडेवर ठेवली. तेवढंच. मग वाकून पाणसळ जमिनीवर ठेवली, आणि तिला सगळं उमगलं.

पूर्वी मशीन वरच्या मजल्यावर होतं. तिथे चालताना तक्तपोशी हादरायची, खाली जेवणाच्या टेबलावर चुना पडायचा. म्हणून मागच्या परीक्षेआधी सगळ्यांनी मिळून ते खाली गाड्यांच्या दालनात आणलं. तिथली जमीन मधल्या मोरीकडे ढाळ देऊन बांधलेली. गाड्या धुतल्या की पाणी आपोआप जावं म्हणून. मशीनचं तोंड मोरीकडे केलं, कारण तिथून काचेच्या दारातून रस्ता दिसतो. अशा रीतीने वर्षभर ग्रानसेलेतली माणसं आठ अंश वाचून पावणेसात अंश चढत होती.

"काय झालं?" रोलँडने विचारलं.

तिने सांगितलं. तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "मागच्या वर्षी मी गाणं म्हणत चाललो होतो, आठवतंय? परीक्षा घेणारी शिरीन म्हणाली होती, असा अठ्ठावन्नाचा माणूस तिने पाहिला नाही."

"सत्तावन्नाचा होतास. आणि उतारावर गात होतास."

"पाणसळ आत ठेव, अन्नेली."

"ठेवते. आधी दोन पाचरी करून आणते."

"तू ऐकत नाहीस. मी गळलो तर राहिले तिघे. तिघांत दोन पाळ्या कशा लावशील? तीन आठवड्यांतले दोन आठवडे पेजर तुझ्या कमरेला. उमेओच्या त्या तुझ्या माणसाला काय, टपालाने भेटणार?"

हे खरं होतं. उमेओ अडीच तासांवर. तिथे योहान होता, आणि मोकळा असलेला प्रत्येक दुसरा शनिवार-रविवार ती त्याच्याकडे असायची. दुसरा आठवडा पुलाच्या अलीकडे. तेवढ्यावर ते दोघे कसेबसे जमवून होते.

"आणि समजा लागली आग," तो पुढे म्हणाला, "जोडी पुरी नसेल तर तू काय करशील? खिडकीतून पाणी मारत शहरातल्या गाडीची वाट बघशील. पन्नास मिनिटं."

"आणि समजा जोडी पुरी आहे, मी आत पडले. मग?"

रोलँडने कॉफीचा मग उचलून आत पाहिलं. कॉफी संपली होती.

दोघांच्याही डोळ्यांसमोर शरद ऋतूतला सराव होता. सरावाच्या घरात, काळ्याकुट्ट धुरात, जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर रोलँड बसला होता. अन्नेली पाण्याची नळी धरून त्याच्या शेजारी थांबली. किती वेळ ते तिला कळलं नाही. फक्त मुखवट्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी माणसाच्या वजनाचा बाहुला तिने एकटीने ओढून आणला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, मुखवटा नीट बसला नव्हता. ती म्हणाली, हो, नव्हता बसला. त्यानंतर हा विषय निघाला नाही.

आताही निघाला नाही. बुधवारी तिने कारखान्यात पाइनच्या तुकड्यातून दोन पाचरी कापल्या आणि मशीनच्या पुढच्या पायांखाली ठोकल्या. पाणसळीने आठ दाखवलं. तिला हलकं वाटलं, आणि का वाटलं हे तिला नेमकं ठाऊक होतं. जे तिला अकरा वर्षांच्या जोडीदाराला तोंडावर सांगता येत नव्हतं, ते आता मशीन सांगणार होतं. रोलँड पट्ट्यावरून उतरेल, शिरीन मान हलवेल, आणि कोणालाच काही बोलावं लागणार नाही.

गुरुवारी शिरीन शहरातून आली तेव्हा बाहेर उणे वीस होतं. बूट आपटत आत शिरली, पाचरी पाहिल्या, पाणसळ पाहिली.

"हे कोणी शोधलं?"

"फळकुटवालीने," रोलँड म्हणाला. "तिला कुठेही वाकडं दिसलं की झोप येत नाही. आमचं लग्न झालं असतं तर मी आतापर्यंत सरळ झालो असतो."

"किंवा मेला असतास," शिरीन म्हणाली. "चला. आधी कोण?"

आधी अन्नेली गेली. गेल्या वर्षीपेक्षा खूप जड गेलं. चौथ्या मिनिटाला पोटऱ्यांत गोळे येतायत असं वाटलं, हेल्मेटमधून घाम डोळ्यांत आला. काचेतून रस्ता दिसत होता, रस्त्याच्या टोकाला पूल. ती चालत होती आणि पूल होता तिथेच होता. सहा मिनिटं झाली, ती उतरली. पास.

मग रोलँड चढला. या वेळी गाणं नव्हतं. पहिली दोन मिनिटं तो बरा होता. तिसऱ्यात पावलं आखूड झाली. चौथ्यात चेहरा बिटासारखा झाला. त्याचा उजवा हात कठड्याकडे गेला.

"हात," शिरीन म्हणाली.

हात मागे आला. अन्नेली भिंतीला टेकून उभी होती. उतर, ती मनात म्हणत होती. उतर आता, बस झालं. पण तो उतरला नाही. टाकी पाठीवर डावी-उजवीकडे हेलकावत होती, मशीन मात्र एका लयीत फिरत होतं. नवा आतला पट्टा, तेल लावलेली फळी, खरा चढ. कुठेही विसावा उरला नव्हता, तो तिनेच काढून घेतला होता. तरी तो चालत राहिला.

"वेळ झाली!" शिरीनने मशीन थांबवलं. "पास. रोलँड, तू माणूस नाहीस, गाढव आहेस. कौतुकाने म्हणतेय."

तो गाडीच्या पायरीवर कोसळल्यासारखा बसला. हेल्मेटचा पट्टा सोडवायला बोटं उठेनात. अन्नेलीने तो सोडवला. त्याच्या मानेतली शीर तिच्या बोटांखाली पाखरासारखी फडफडत होती.

"पाहिलंस?" तो धापा टाकत म्हणाला. "आठ. पूर्ण आठ."

शिरीन सामान घेऊन बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला गेली. दालनात दोघंच उरली. अन्नेली मशीनजवळ गेली, पाचर घट्ट आहे का ते बुटाने दाबून पाहिलं. मशीनमध्ये आता कुठलाही दोष नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं होतं आणि रोलँडला तिच्या हवाली केलं होतं, आणखी एका वर्षासाठी. आता ज्याच्याआड लपावं असं तिच्याकडे काहीच राहिलं नव्हतं.

"रोलँड," ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर आत जाणार नाही."

त्याने वर पाहिलं. "मी पास झालो."

"हो."

"तुझ्या मशीनवर. तुझ्या पाचरींवर. मशीन म्हणतंय मी जाऊ शकतो."

"मला मशीनबरोबर आत जायचं नसतं, तुझ्याबरोबर जायचं असतं. तू त्या जिन्यावर बसला होतास. मुखवटा नीट होता. मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं."

बाहेर खरवडण्याचा आवाज येत होता. रोलँडने बुटाच्या टाचेने जमिनीवरचं पाणी मोरीकडे ढकललं. ते आपणहून पुढे वाहत गेलं.

"शिरीनला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

"मग राहू दे. मी सांगतो." तो कठड्याला धरून उठला, आता धरायला हरकत नव्हती. "तू सांगितलंस तर मी काढलेला. मी सांगितलं तर मी स्वतःहून सोडलेलं. एवढं तरी ठेव मला."

"ठेवलं."

"आणि गाडी मी चालवणार. पंपावरच्या त्या पोराला चालवायला द्यायची नाही, तो गियर कराकरा वाजवतो."

"तूच चालव."

पोशाख न काढताच तो बाहेर गेला. काचेतून तिला दोघं दिसत होती. रोलँडचे हात हलत होते. शिरीनचा खरवडणारा हात थांबला. तिने एकदा ठाण्याकडे पाहिलं, मग मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी अन्नेलीचा मोकळा आठवडा सुरू व्हायचा होता. गाडीत कपड्यांची पिशवी सकाळपासून तयार होती. तिने योहानला फोन करून सांगितलं की धुरात जाणारे आता तिघंच उरलेत, या आठवड्यात येत नाही, पुढच्या आठवड्यात कदाचित. "कदाचित म्हणजे?" त्याने विचारलं. तिने गाडीतली पिशवी परत घरात नेऊन ठेवली.

पेजर कमरेला लावून ती ठाण्यात आली. गाडीच्या पायरीवर पावांची पिशवी ठेवलेली होती आणि रोलँड पुढच्या चाकाची हवा तपासत होता. तो वळला नाही.

"त्यातला मोठा माझा आहे," तो म्हणाला.

तिने लहान घेतला, खाल्ला. मग जाकीट काढून ती ट्रेडमिलवर चढली, चढ आठवर नेला आणि काचेतून पुलाकडे पाहत चालू लागली. पट्टा अजिबात अडखळला नाही.