व्हायएना म्हणा

कायलाचा फोन आला तेव्हा मायलो टोस्टला लोणी लावत होता.

"मायलो, सगळी कपाटं बघितली," ती म्हणाली. "तळघरही धुंडाळलं. लाव्हॉनचा आवाज कुठेच नाही हो."

"कुठेच म्हणजे?"

"कुठेच. तेव्हा टेपा महाग होत्या, तुम्हाला माहीतच आहे. आज बातम्या, उद्या त्याच टेपेवर डुकरांचे बाजारभाव. एकही जुनी टेप ठेवलेली नाही."

मायलोला माहीत होतं. त्यानेच वर्षानुवर्षं तिथे कॅमेरा चालवला होता. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि टोस्ट तसाच सिंकमध्ये टाकून दिला.

कायला चॅनल तेराची नवी मॅनेजर. स्टेशनला पन्नास वर्षं होत होती, म्हणून तिने मायलोला इतिहास लिहायला सांगितलं होतं. तो टीव्हीवरच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात वाचून दाखवायचा होता. मायलोने एकच अट घातली होती, की शेवटी लाव्हॉनचा आवाज वाजवायचा. लाव्हॉन, त्याची बायको, मार्चमध्ये गेली. अटीत मायलोचा स्वार्थ होता. घरात तिचे फोटो खोकंभर होते, आवाज मात्र नव्हता. फोनवरचे निरोप घेणाऱ्या मशीनवरही मायलोचाच आवाज होता, कारण ती म्हणायची, "मी दिवसभर ऑफिसात बोलते. घरी तू बोल."

आता इतिहास लिहायचा तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागणार होती. चॅनल तेरा मालिका आणि मोठ्या बातम्या न्यूयॉर्कहून घ्यायचं. हवामान, बाजारभाव आणि शाळांचे सामने तेवढे घरचे. पण कायदा असा, की दर तासाला स्टेशनने आपलं नाव आणि गाव सांगायचंच. पहिल्या आठवड्यात त्यासाठी न्यूयॉर्कच्या एका निवेदकाचा आवाज भरून आणला. भारदस्त आवाज. त्याने झोकात म्हटलं, "चॅनल तेरा, व्हिएन्ना, नेब्रास्का."

गाव पेटलं. गावाचं नाव लिहितात ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नासारखंच, पण म्हणतात व्हायएना. ज्या पोस्टमास्तरने नाव ठेवलं त्याने तो शब्द फक्त वाचलेला होता, आणि तेव्हापासून तेच बरोबर.

"आम्ही काय इथे झुंबराखाली नाचतो का?" एका शेतकऱ्याने फोनवर विचारलं. त्या दिवसातले सगळे फोन लाव्हॉनने घेतले, कारण स्टेशनच्या टेलिफोनवर तीच बसायची. दुपारी ती सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. "एक तर तो माणूस बदला, नाहीतर फोन तुम्ही उचला."

मॅनेजरने तिलाच माइकसमोर बसवलं. तेव्हापासून ती कामावर असेल तेव्हा तास भरला, की फोन बाजूला ठेवून माइकवर म्हणायची, "चॅनल तेरा, व्हायएना, नेब्रास्का." वीसेक वर्षं. घरी मायलो उशिरा आला तरी तेच. "चॅनल तेरा, व्हायएना. जेवण गार झालंय."

मायलोने हे सगळं शेजारच्या डेलमरला कुंपणापाशी सांगितलं.

"मग रडतोस काय?" डेलमर म्हणाला. "गावात घरोघरी टीव्हीवरून भरून घेतलेल्या फुटबॉलच्या टेपा पडल्यात. विद्यापीठाचा एक सामना कुणी सोडला नाही. चॅनल कुठलं? तेरा. शनिवारी कामावर कोण? लाव्हॉन. माग की लोकांकडे."

मायलोला हे सुचलंच नव्हतं. रविवारी चर्चच्या तळघरात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीच्या रोलचं जेवण होतं. मायलोने उभं राहून विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या ओसरीवर खोक्यांचा ढीग लागला. बर्निटा पावेल्का खोकं देताना म्हणाली, "माझ्या टेपांत एक जाहिरात सापडायची नाही तुला! सामनाभर बोट पॉजच्या बटणावर. माझ्या नवऱ्याला तर मी हलूसुद्धा द्यायची नाही."

मायलोने टेप लावली. खेळाडू पडला, चित्राला एक झटका बसला, खेळाडू पुन्हा उभा. दुसरी टेप, पुन्हा तोच झटका. तिसरी, चौथी. सगळं गाव असंच करायचं. जाहिराती लागल्या की पॉज, सामना सुरू झाला की चालू. ज्याच्या टेपेत झटका दिसणार नाही तो सगळ्यांत हुशार. आणि लाव्हॉन बोलायची ती जाहिरातींच्या मागोमाग. म्हणजे सगळ्या गावाने अगदी मन लावून तिला वगळलं होतं.

शेवटचं खोकं संपलं त्या दुपारी डेलमर मागच्या दाराने आला. जॅकेटच्या आत काहीतरी दडवलेलं.

"हसणार नाहीस ना?"

"हसण्यासारखं काय उरलंय?"

"माझ्याकडे एकच आहे. टेप लावली आणि शेतावरचं मशीन बिघडलं म्हणून तिकडे गेलो. ती आपली चालूच राहिली. सगळ्या जाहिराती आल्या, आणि सामना अर्धा असतानाच टेप संपली. बायको अजून पाहुण्यांना हसत सांगते. म्हणून खोक्यात टाकली नव्हती."

मायलो हसला नाही. त्याने टेप लावली. बियाण्यांची जाहिरात लागली. मग ट्रॅक्टरची. मग एका माणसाने गाद्यांचे भाव ओरडून सांगितले. डेलमर ओशाळून छताकडे बघत होता. मग पडद्यावर तेराचा आकडा आला आणि ती बोलली.

"चॅनल तेरा, व्हायएना, डेब्रास्का."

डेलमरने वळून बघितलं. "सर्दी झाली होती का रे तिला?"

"हो," मायलो म्हणाला. "नाक लालबुंद झालं होतं. घरी राहा म्हटलं तर ऐकेना."

त्याने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेतली.

"जरा पुढे जाऊ दे ना," डेलमर म्हणाला. "लगेच टचडाऊन आहे."

मायलोने टेप मागे घेतली. डेलमरने स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच कॉफी केली, फारच कडू.

कायलाने टेपेवरून नक्कल काढून घेतली, आणि टेप मायलोला परत दिली. पन्नाशीचा कार्यक्रम झाला. मायलोचा इतिहास वाचला गेला, आणि शेवटी लाव्हॉन सर्दीसकट बोलली. लगेच स्टेशनचा फोन वाजला. कुणी नवीन राहायला आलेला माणूस होता. "त्या बाईला बरं नाहीये वाटतं. आणि गावाचं नाव चुकीचं सांगतायत त्या." कायलाने त्याला सांगितलं, "साहेब, व्हायएना म्हणा." बर्निटाने रविवारी चारचौघांत विचारलं, टेप कुणाची होती, आणि डेलमर पहिल्यांदाच त्या टेपेबद्दल छाती फुगवून बोलला. "पॉज दाबत बसणं मला जमतच नाही बाबा," तो म्हणाला, जणू हे त्याने मुद्दाम केलं होतं.

कायलाने मायलोलाही एक नक्कल करून दिली आहे, बोटाएवढ्या डबीत. ती ड्रॉवरमध्ये आहे. ती कशी लावायची ते त्याने अजून विचारलेलं नाही.

डेलमर कुंपणापाशी रोज विचारतो, "माझी टेप?"

"आणतो."

"अर्धा का होईना, माझा सामना आहे त्यात."

"आणतो म्हटलं ना."

टेप मायलोच्या मशीनमध्येच आहे. ती परत करायची राहिली आहे.