एझ्रा स्टोक्स नक्की कधी मेला?

नागपूरच्या शोभना रामटेके बाई शाळेतून रिटायर झाल्या आणि मुलीकडे, अमेरिकेत अल्फारेटाला, सहा महिन्यांसाठी आल्या. मुलगी सुमेधा आणि जावई रवी दोघंही सकाळी आठला कामावर जायचे. मग शोभनाबाईंचा दिवस शेजारच्या हारलन स्टोक्स यांच्या ओट्यावर जायचा. हारलन बहात्तर वर्षांचे, एकटे, बोलघेवडे. बाईंना इंग्रजी वाचता छान यायचं, पण हारलनांचे जॉर्जियाचे लांबवलेले उच्चार निम्मेच कळायचे. बाकीचं त्या चेहऱ्यावरून लावून घ्यायच्या.

हारलनांचा आवडता विषय एकच. त्यांचे पणजोबा एझ्रा अमेरिकेच्या यादवी युद्धात पायदळात होते आणि १८६३च्या सप्टेंबरात, चिकमॉगाच्या लढाईत, झेंडा हातात धरून पडले. ते नेमके कुठे पडले हे शोधून तिथे फुलं ठेवायची, एवढीच हारलनांची इच्छा होती.

"कोणत्या बाजूनं लढले?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दक्षिणेच्या."

"म्हणजे गुलामी ठेवणाऱ्यांच्या?"

ओळख करून द्यायला बरोबर आलेल्या सुमेधाला ऐकताच ठसका लागला. हारलनांनी नजर आपल्या बुटांकडे वळवली. "आमच्याकडे गुलाम नव्हते, फक्त दोन खेचरं होती, मॅडम," ते म्हणाले. "पण हो. त्यांच्याच."

सरळ उत्तर दिलं म्हणून बाईंना माणूस आवडला. एका शनिवारी सुमेधानं गाडी काढली आणि तिघं अटलांटाला सरकारी दफ्तरखान्यात गेले. पलटणीच्या हजेरीपटात एझ्रा सापडला. ऑगस्टपर्यंत हजर, सप्टेंबरपासून गैरहजर.

"बघा!" हारलन खूश झाले. "मेलेला माणूस हजर कसा राहील?"

बाईंना ते पटलं नाही. नागपुरात त्या वधू-वर परिचय मेळावा चालवायच्या. मुलाचं वय दोन वर्षांनी कमी करून सांगणारे बाप त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि हजेरीपटात मेलेल्याला कोणी गैरहजर लावत नाही हे तर शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला सांगायला नको.

मे महिन्यात स्टोक्स घराण्याची थडगी धुवायचा दिवस आला. हारलनांनी मायलेकींना बरोबर नेलं. बादली, ब्रश, फुलं. हारलनांनी आपल्या आजोबांचा दगड घासला. "यांनीच माझ्या वडिलांना मासे धरायला शिकवलं. एझ्राचा सगळ्यात धाकटा मुलगा."

दगड लख्ख झाला. जन्म १८६८.

बाईंनी एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा हारलनांकडे, आणि मग लेकीला कोपरानं ढोसलं.

"सुमे, विचार त्यांना."

"आई, नो! मी हे अजिबात ट्रान्सलेट करणार नाही."

"काहून गं? साधी वजाबाकी आहे."

"साधी नाहीये! त्यांच्या पणजीबद्दल आहे ती!"

"मी कुठं पणजीला नावं ठेवते? मी म्हणते, माणूस मेलाच नसेल."

दोघी दबक्या आवाजात वाद घालत होत्या, तोवर हारलनांचा ब्रश थांबला. बाईंची नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. त्यांचे ओठ हलू लागले. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट...

"लॉर्ड," ते म्हणाले आणि उलट्या बादलीवर बसले. "दर वर्षी हा दगड मीच धुतो."

बाईंना वाईट वाटलं. पण प्रश्न अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्वतःच इंग्रजी जुळवलं, "हिज वाइफ. हर फादर्स हाउस. व्हेअर?"

एझ्राची बायको मार्था टेटम घराण्यातली होती. माहेर जॉर्जियाच्याच उत्तर टोकाच्या डोंगरात, एलिजे गावाच्या पुढे.

"मग आपण तिकडं जाऊ," बाई सुमेधाला म्हणाल्या. "घरी शोधायला येतील म्हटल्यावर पळालेला माणूस सासुरवाडीलाच जाईल ना!"

पुढच्या रविवारी तिघं डोंगरात पोचले. चर्च नुकतंच सुटलं होतं आणि झाडाखाली टेबलांवर जेवण मांडणं चाललं होतं. हारलन टोपी हातात घेऊन चाचरत उभे राहिले. नाव सांगताच काठी टेकत एक म्हातारी पुढे आली, व्हर्ना टेटम.

"एझ्राचा पणतू? खालच्या गावातला?" तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या बाबा. तुमच्यापैकी कोणी कधी येईल असं वाटलं नव्हतं."

मग चिकन आणि मक्याचा ब्रेड खाता खाता तिनं सांगितलं. लढाईच्या आधीच एझ्रा छावणीतून चालत सुटला, तो थेट सासऱ्याच्या मक्याच्या कोठारात. पळालेल्यांना धरायला घोडेस्वार फिरत होते. तेव्हा मार्थानं काळे कपडे घातले, सासूकडे गेली आणि नवरा लढाईत पडला म्हणून गाव गोळा होईपर्यंत रडली. सासूला सगळं ठाऊक होतं. तिनं सुनेपेक्षा मोठा गळा काढला.

"झेंड्याचं?" हारलनांनी क्षीण आवाजात विचारलं.

"ते सासूनं पदरचं घातलं असेल."

पुढल्या वर्षी उत्तरेचं सैन्य आलं, तेव्हा एझ्रा त्यांच्या पायदळात भरती झाला. टेटम मंडळी म्हणत, तत्त्वासाठी. व्हर्नाची आजी म्हणे, बुटांसाठी. युद्धानंतर जिवंत होऊन खालच्या गावात जाणं अवघड होतं, म्हणून तो डोंगरातच राहिला. पुढे धाकटा मुलगा आजीची जमीन कसायला खाली गेला. तिथं सगळ्यांनी त्याच्या शहीद बापाबद्दल इतक्या आदरानं विचारलं की त्यानंही मान डोलावली.

सुमेधा हे सगळं आईला मराठीत सांगत होती. बाई मधूनमधून "बापा!" म्हणत होत्या. काळ्या कपड्यांपाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण व्हर्नाच हसायला लागली, आणि मग हारलनही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

चर्चच्या मागे एझ्राचा दगड होता. मृत्यू १९०९. हारलनांनी त्यावरची वाळकी पानं झटकली.

"मला वाटत होतं मी शूर माणसाचा पणतू आहे," ते म्हणाले.

सुमेधानं भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली. "त्यांना सांग, दुसऱ्यांना गुलामीत ठेवायची लढाई सोडून जो बायकोपोरांकडं चालत येतो, त्याला मी तरी भित्रा म्हणणार नाही. आणि बुटांसाठी का होईना, शेवटी बाजू बरोबर धरली."

हारलनांनी पूर्ण ऐकून घेतलं. आणलेली फुलं त्यांनी दोन भागांत वाटली आणि अर्धी शेजारच्या मार्थाच्या थडग्यावर ठेवली.

जुलैत स्टोक्स घराण्याचा मेळावा झाला. हारलनांनी सगळ्यांसमोर उभं राहून खरं ते सांगितलं. एक चुलतभाऊ रागानं ताट ठेवून निघून गेला. बाकीच्यांनी एलिजेचा रस्ता विचारून घेतला, आणि हारलनांच्या नातीनं तर टाळ्या वाजवून "मार्थाचं रडणं परत सांगा" म्हणून हट्ट धरला. हारलनांना तेवढं काही जमेना. मग शोभनाबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि अस्सल नागपुरी हेल काढून रडून दाखवलं.