माझ्या कपाळावरची लाल फुली

मी एक जुना हापसा आहे. काल्हेरकडून राहनाळला जाताना दोन मोठ्या गोदामांच्या फटीत एक लहानसं गाव अजून शिल्लक आहे. त्याच्या तोंडाशी मी उभा असतो. मित्रांनो, तुमची शाळेची बस रोज माझ्यासमोरून जाते. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी मात्र तुम्हाला पाहतो, बाटलीतलं पाणी एकमेकांच्या डोक्यावर ओतताना.

आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणार नाही. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगून शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, अशी पद्धत आहे. माझ्याकडे पाणी भरपूर आहे, पण ते असं वाया घालवायला नाही.

माझं लोखंड कारखान्यात ओतलं गेलं, पण जीव आला तो इथे. तेव्हा इथे गोदामं नव्हती, भाताची शेतं होती. गावाला विहीर होती, पण खाडीला मोठी भरती आली की तिचं पाणी मचूळ व्हायचं. मग बोअरिंगची गाडी आली, तिने जमिनीला खोल भोक पाडलं आणि गोड पाणी लागलं. माणसं चिखलात नाचली. पुढे विहीर बुजली, तिच्यावर गोदाम उभं राहिलं आणि तिचा मान माझ्याकडे आला. बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडली की पाण्याची ओटी भरते, अशी इथली रीत. विहीरच नाही म्हटल्यावर बायका माझी ओटी भरू लागल्या. लोखंडी नळीला हळदकुंकू आणि खणनारळ! पहिल्या वेळी मी इतका संकोचलो, की माझ्या तोटीतून पाणीच येईना. तेव्हा आक्का म्हणाली, "लाजतंय काय मेलं, हापसा गं जोरात!"

आक्का म्हणजे समोरच्या बंगल्यातली म्हातारी. आता तो बंगला आहे, तेव्हा कुडाचं घर होतं. आक्काने माझ्या पाण्यावर पोरं वाढवली. एका वर्षी तिने तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि भाकरी थापली, तर भाकरी गुलाबी! वरच्या अंगाला कापड रंगवणाऱ्या एका डाईंगवाल्याने रंगाचं पाणी नाल्यात सोडलं होतं, ते जमिनीत मुरून माझ्यापर्यंत आलं होतं. आक्काने ती भाकरी फडक्यात गुंडाळली आणि थेट तालुक्याच्या साहेबाच्या टेबलावर ठेवली. "खा," म्हणाली. मी पिण्याच्या पाण्याचा हापसा होतो, म्हणून त्या डाईंगवाल्याला कारखाना उचलून जावं लागलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत मी धुऊन निघालो.

मग जमिनी भाड्याने गेल्या. बंगले झाले, नळ आले, नळाखाली फिल्टर आले. नळाला पाणी दिवसाआड येतं आणि कधीकधी तेही येत नाही, पण ते बोलून दाखवायचं नसतं. एवढ्या मोठ्या बंगल्यातली बाई हंडा घेऊन हापशावर आली तर लोक काय म्हणतील? म्हणून बायका दुपारी, पुरुषमाणसं जेवून आडवी झाली की येऊ लागल्या. हंड्यावर फडकं टाकलेलं असायचं. कोणी भेटलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "गाडी धुवायला नेतेय गं." मित्रांनो, त्या हिशोबाने आमच्या गावातल्या गाड्यांना एव्हाना शेवाळ धरायला हवं होतं.

उघडपणे येणारी एकटी धाकली. ती मागच्या पाड्यावर राहते, गोदामात झाडलोट करते. सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ती दोन हंडे भरते आणि माझ्या साखळीला तेल हवंय का तेही बघते.

अशात राज्यात एका नव्या कायद्याचं घाटू लागलं. विधेयक म्हणतात त्याला. म्हणजे कायदा अजून झालेला नाही, पण करायचं मनात आहे. त्यात दोन गोष्टी होत्या. जिथे नळयोजना पोचली आहे तिथले वापरात नसलेले हापसे कायमचे बंद करायचे. आणि जिथे पिण्याच्या पाण्याची जुनी जागा वापरात नाही, तिथे कारखान्याला सांडपाण्याची वेगळी परवानगी नको. एकेक वाचलं तर दोन्ही साधी वाटतात. शेजारी शेजारी ठेवून वाचा, मग माझ्यासारखा घाम फुटेल.

कायदा व्हायच्या आधीच पाहणीला साहेब आले. आक्काच्या ओटीवर चहा झाला. साहेबांनी विचारलं, "आजी, समोरचा हापसा कोण वापरतं?"

आक्का म्हणाली, "यो हापसा? आता कोन पितंय याचं! घरोघरी फिल्टर हायेत. आमी काय पाड्यावरचे हाव?"

मी ऐकत होतो. जिची पोरं मी वाढवली ती हे बोलली.

धाकली तेव्हा माझ्यापाशीच होती. तिने हंडा खाली ठेवला. "आमी पितू ना सायब. रोज पितू."

"तुमचा पाडा या गावाच्या हद्दीत येतो का?"

"हद्द म्हंजी?"

"राहू दे, बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या माणसाने माझ्या कपाळावर लाल रंगाची फुली मारली. पुढच्या सोमवारी फिटर येऊन दांडा काढून नेणार असं ठरलं.

रविवारी दुपारी आक्काची सून रुचिका हंडा भरत होती. तेवढ्यात तिचा नवरा धनेश फोनवर बोलत बाहेर आला आणि तिच्याकडे पाठ करून माझ्या ओट्यावर पाय ठेवून उभा राहिला. "सेठजी, टेन्शन मत लो. हापसा बंद है, लाल फुली मारके गये हैं. माँ ने खुद बोला साहब को. अब कौन अडवणार?"

रुचिकाने दांडा सोडला. "कोन सेठजी?"

धनेश दचकला. "डाईंगवाले. मागची जागा भाड्याने मागतायत."

"आनि त्यांचं रंगाचं पानी?"

"जाईल नाल्यात. आपल्याला नल हाय ना घरात."

"मग मी यो हंडा कशाला भरतेय?"

"गाडी धुवायला."

"गाडी तुमी सर्व्हिसिंगला धुताव," रुचिका म्हणाली. "घरातला फिल्टर दिवालीपासून बंद हाय. दिवालीपासून तुमी जेवन जेवताव, च्या पिताव, रातचे उठून तांब्याभर पिताव, ते सगलं या फुलीवालं."

धनेशने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्याचा बाप आहे आणि आत्ताच कोणीतरी ओळख करून दिली आहे.

रुचिका अर्धाच भरलेला हंडा घेऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग आक्काचा, मग त्यावर रुचिकाचा.

सोमवारी साहेब फिटरला घेऊन आले. फिटरने पाना काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. कारण बंगल्यांची फाटकं उघडली आणि बायका बाहेर पडल्या. हळदीला नेसतात तसली लुगडी, गळ्यात ठुशी, चपलाहार, हातभर पाटल्या, लग्नातलं सगळं सोनं अंगावर आणि कमरेवर हंडा. फडकं एकावरही नव्हतं. पुढे आक्का. रस्त्यावरचे ट्रक थांबले. एक ड्रायव्हर ओरडला, "अरे, शादी किसकी है?"

"हापशाची!" आक्का म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "सायब, मी खोटं बोलले."

"का हो, आजी?"

"लाज वाटली. एवढा बंगला बांदला, आनि पितो हापशाचं, असं कसं सांगू? पन सगलं गाव याच्यावरच जगतंय. लिव तसं."

"आता नोंद वर गेली, आजी."

"मग खाली आन. कायदा अजून व्हायचाय ना? तक्रार घेतात ना अजून? आमची नावं लिव. सगल्यांची."

मागे धाकली उभी होती. ड्युटीला उशीर झाला होता तरी थांबली होती. ती हळूच म्हणाली, "सोनं घातलं तवा सायबाला दिसलं. आमी रोज भरतू, ते न्हाय दिसलं."

आक्काने मान खाली घातली. ती बाजूला सरली आणि धाकलीचा दंड धरून तिला पुढे केलं. "सायब, पयलं नाव हिचं लिव. आनि हद्द बिद्द नंतर मोज."

मग हापसायला सुरुवात झाली. रुचिकाने ओंजळभर पाणी साहेबांना दिलं, त्यांना प्यावं लागलं. "गोड आहे," ते म्हणाले आणि फिटरने पाना पिशवीत टाकला. सगळ्यांत शेवटी धनेश हंडा घेऊन आला. "काय रे धनेश, गाडी धुवाया नेतोस?" बायका हसल्या. तो दांडा जोरात दाबत राहिला. त्याच्या खिशात फोन वाजत होता. त्याने उचलला नाही.

मित्रांनो, त्या विधेयकाचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. हरकतींचा गठ्ठा गेला आहे. डाईंगवाला अजून फोन करतो. माझ्या कपाळावरची फुली पुसायला कोणी आलेलं नाही आणि मीही कोणाला बोलावलेलं नाही.

मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. जपून ठेवलेला हापसा गंजतो. तुमच्या भागात कोणी माझा भाऊबंद असेल तर त्याचं पाणी दरवर्षी तपासून घ्या, आतला वायसर झिजला की बदला आणि त्याचं पाणी चारचौघांत, भर दिवसा भरा. कोणाचं पितोस असं कोणी विचारलं तर मोठ्याने सांगा.

आणि ज्याला माझा दांडा काढून न्यायचा असेल त्याने खुशाल यावं. फक्त आधी रांगेत उभं राहावं. धाकलीच्या मागे.