खांबावरचा मुकादम

सकाळी अंगणात दोघा भावांची जुंपली तेव्हा मी भांडी घासत होते. थोरल्यांनी काठी हाणली ती थेट धाकट्याच्या तोंडावर, आणि धाकट्याचा पुढचा दात माझ्या राखेत येऊन पडला. धाकटा म्हणजे माझा नवरा. त्याचा दात पडला म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, नाही वाटलं. आदल्याच दिवशी माझ्या जाऊबाईंचा, म्हणजे थोरल्यांच्या बायकोचा, डावा डोळा गेला होता.

डोळा फोडला तो शेतातल्या खांबाने.

तो खांब आणायलाही कारण घडलं होतं, ते लपवत नाही. मागच्या साली भुईमुगाच्या राखणीला गेलेल्या थोरल्यांची मांडी रानडुकराने गुडघ्यापासून वर फाडली. सुळा हाडाला लागला. तेव्हापासून ते काठी टेकत चालतात. भावाला पाठीवर घालून माझा नवराच धावत आला होता, अंगभर त्याचं रक्त घेऊन. मग त्याने ते यंत्र आणलं. मधोमध पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब, वर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली नळी. काय दिसतंय ते यंत्र आपलं आपण ओळखतं आणि जनावर असेल तर हवेच्या दाबाने सुपारीएवढी टणक गोळी मारतं. पहिल्याच आठवड्यात एका डुकराचं थोबाड फुटलं. दुपारपर्यंत ते बांधावर पाय झाडत होतं. माझा नवरा खांबाला टेकून आल्यागेल्याला ते डुक्कर असं दाखवत होता, जणू गोळी त्याच्याच नाकातून सुटली होती.

मग खुरपणी निघाली आणि पहिली गोळी माझ्या पाठीत बसली. चार दिवस मला उताणं झोपता आलं नाही.

यंत्र बसवणारा आला. पोरगेला, गोड बोलणारा. म्हणाला, "काकू, याला माणसांचे लाखो फोटो दाखवून शिकवलंय. पण त्यातले सगळे उभे नाहीतर चालणारे."

"आणि खुरपणारी बाई?" मी विचारलं.

"तुम्ही उकिडव्या बसता, डोक्यावर पोत्याची खोळ, अशाच पुढे सरकत जाता. त्याला वरून डुक्करच वाटणार."

"मग आम्ही शेतात असताना बंद ठेवा की."

"ओढ्यातून दिवसाही डुकरं येतात, आणि बंद ठेवलं तर ते शिकणार कसं?" हे माझ्या नवऱ्याने सांगितलं. "थोड्या थोड्या वेळाने उभ्या राहा, हात वर करा. कंबर मोडत नाही तेवढ्याने."

झालं. आठ बायका दहा हात खुरपायच्या, उठायच्या आणि चोरी पकडल्यासारखे हात वर करून खांबाकडे तोंड करायच्या. आम्ही त्याला मुकादम म्हणायला लागलो. "मुकादम, बघ रे, मी बाईच आहे," असं एकीने म्हटलं की बाकीच्या हसून लोळायच्या. जाऊबाई मात्र हसायच्या नाहीत. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. एकदा बसल्या की ओळ संपेपर्यंत त्या उठत नसत, आणि ओळ आमच्याआधी संपवत.

त्या दिवशीही त्या उठल्या नाहीत. नुसती मान वर करून खांबाकडे पाहिलं, आणि फट्‌ असा आवाज झाला. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. खुरपं हातातच होतं, बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. मी उठवायला धावले आणि वाकले, तर दुसरी गोळी माझ्या कानाजवळून गेली. शेवटी हात वर करून मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि बाकीच्यांनी माझ्या सावलीतून त्यांना फरफटत बांधापर्यंत नेलं.

त्यावरून अंगणातली ती काठी. दात पडल्यावर नवऱ्याने थोरल्यांच्या दुखऱ्या मांडीवर लाथ घातली. थोरले कोसळले तरी तो मारतच होता. मी सोडवायला गेले तर माझा हात असा पिरगाळला की अजून पदर नीट खोचता येत नाही.

चार दिवसांनी जाऊबाई दवाखान्यातून आल्या. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. यंत्रवालाही आलेला होता. त्या म्हणाल्या, "माझा फोटो दाखव."

त्याने मोबाइल पुढे केला. मातीत बसलेल्या जाऊबाई, डोक्यावर पोतं, वर केलेलं तोंड. खाली लिहिलेलं मी वाचून दाखवलं. रानडुक्कर, चौऱ्याण्णव टक्के.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "हा फोटो आम्ही त्याला परत शिकवायला वापरणार. पुढे अशी चूक होणार नाही."

"म्हणजे माझ्या डोळ्याने त्याला अक्कल येणार."

तो बिचारा "हो" म्हणून बसला.

जाऊबाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "भावोजी, उद्यापासून बायका पुन्हा खुरपायला यायच्यात. त्याआधी ते बंद करा. एवढंच मागते. आता दुसरीचा डोळा नको जायला."

"वहिनी, डुकराने दादाला फाडलं ते विसरलात?"

"रक्ताने भरलेलं त्यांचं धोतर मीच धुतलं. कसं विसरेन?"

"मग? तुम्ही उभ्या राहिला असता तर हे झालंच नसतं. बंद होणार नाही." दात नसल्याने त्याचं बोलणं शिट्टीसारखं फुसफुसत होतं, पण कोणी हसलं नाही.

संध्याकाळी मी कुऱ्हाडीला धार लावली. नवऱ्याने विचारलं तर सरपण संपलंय म्हणाले. मग ती कुऱ्हाड मागच्या दारी, जाऊबाई जिथून येतात जातात तिथे टेकवून ठेवली.

दिवस उजाडला. नवरा न्हाणीत होता, त्याचा मोबाइल चुलीपुढे माझ्याजवळ. तो थरथरला. शेतात काही दिसलं की खांब फोटो पाठवतो. मी पाहिलं. जाऊबाई खांबाच्या अगदी समोर, ताठ उभ्या. पट्टी सोडून टाकलेली. दोन्ही हात डोक्यावर, मुकादमाला हवे तसे, आणि हातांत कुऱ्हाड. खाली अक्षरं होती: माणूस, नव्याण्णव टक्के. धोका नाही.

लागोपाठ दुसरा फोटो आला, त्यात नुसतं आभाळ होतं. मग काहीच आलं नाही.

"काय गं वाजलं?" न्हाणीतून नवऱ्याने विचारलं. "डुक्कर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "माणूस आहे." आणि मोबाइल पालथा ठेवून चुलीतलं लाकूड पुढे सारलं.